परदेशी विद्यार्थिनी एक सत्र आमच्या घरी राहणार? होस्ट फॅमिलीवाल्यांनो, अनुभव सांगा

मेघमल्हार
नमस्कार मंडळी,
ओळखीतल्या एक बाई अमेरिकन कॉलेजांच्या एका अभ्यासक्रमाचं पुण्यातलं काम बघतात. ऑगस्ट ते डिसेंबर असं एक सत्र तिकडची मुलं इथे शिकायला येतात. मराठी, थोडा इतिहास-समाजशास्त्र आणि प्रत्येकाचा एक छोटा प्रकल्प. वसतिगृह नाही, राहायचं पुण्यातल्या कुटुंबांमध्ये. यंदा एक घर ऐन वेळी गळालं म्हणून त्यांनी आम्हाला विचारलंय. मुलगी वीस वर्षांची, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला.

आम्ही सहकारनगरात. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. टेरेस बंद करून केलेली खोली रिकामी आहे, ती देता येईल. महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, तिचा खाण्यापिण्याचा खर्च भागेल एवढी. सासूबाई भलत्याच उत्साहात आहेत. नवरा नको म्हणतोय. कारण विचारलं तर म्हणाला, "चार महिने घरात बनियनवर फिरायचं नाही का मी?"

माझे प्रश्न : जेवणाखाण्याचं कसं जमवता? सणवार, देवघर यात अडचण येते का? मुलाच्या अभ्यासावर परिणाम होईल का? आणि मुख्य म्हणजे, बाहेरच्या दाराची किल्ली द्यायची का? रात्री उशीर झाला तर जबाबदारी कोणाची? आठवडाभरात कळवायचं आहे.

पेठेतला_पोपट
नवरोबांचा मुद्दा अत्यंत रास्त आहे. प्रचंड अनुमोदन.

निवडुंग
बनियनचं सोडा, दुपारी एक ते चार झोपायचं की नाही ते आधी ठरवा. ह.घ्या. (हलके घ्या)

एरंडवणेकर_काकू
मेघमल्हार, जरूर घ्या. आमच्याकडे बऱ्याच मुली राहून गेल्या, एक मुलगाही होता. चांगलं-वाईट दोन्ही लिहिते.

पहिले आठ-दहा दिवस आपण त्यांचा जीव घेतो. रोज दोन भाज्या, कोशिंबीर, गोड. पोरगी "नको" म्हणाली की आपल्याला तो आग्रहाचा इशारा वाटतो आणि आपण अजून एक पोळी वाढतो. ती बिचारी खात राहते, मग पोट बिघडतं, मग आपण काळजीने आणखी मऊ भात करतो. हे थांबवा. पहिल्याच दिवशी सांगा की नको म्हटलंस तर आम्ही पुन्हा विचारणार नाही, आणि खरंच विचारू नका. सासूबाईंना हे फार जड जाईल.

दुसरं म्हणजे खोलीचं दार. ही मुलं दार लावून बसतात. आपल्याला वाटतं रुसली, घरची आठवण येते, बरं नाही. मग आपण चहा घेऊन आत, नंतर फळं घेऊन आत, नंतर "लाइट का नाही लावला" म्हणून आत. दिवसभर अनोळखी भाषेत वावरून डोकं शिणलेलं असतं त्यांचं, एवढंच. आमच्या एका मुलीने शेवटी दारावर कागद चिकटवला, "मी ठीक आहे. अभ्यास चालू आहे. भूक नाही." मराठीत, सुवाच्य अक्षरात. ह्यांनी तो कागद जपून ठेवलाय.

सत्र कसं पडतं बघा. आल्या आल्या श्रावण, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. त्यांची ठाम समजूत होते की मराठी माणूस बाराही महिने सुट्टीवर असतो. एकीने ढोल-ताशा पथकातल्या मुलींवर प्रकल्प केला होता. संध्याकाळी नदीपात्रातल्या सरावाला जायची आणि रात्री येऊन आमच्या डायनिंग टेबलावर दोन चमच्यांनी ठेके. मुलाच्या बारावीचं म्हणाल तर तेवढं मात्र बघा.

सह्यभटका
बारावीच्या पोराला घरबसल्या अस्खलित इंग्रजी मिळेल, अजून काय पाहिजे!

एरंडवणेकर_काकू
नाही मिळणार. ती मराठी शिकायला आलेली असते आणि घरात मराठीच बोलायचं असं त्यांना शिक्षकांनी बजावलेलं असतं. आमचा मुलगा इंग्रजी झाडायचा, ती मराठीत उत्तर द्यायची. दोघंही शेवटपर्यंत हटले नाहीत.

डेक्कनचा_म्हातारा
हा प्रकार पुण्याला नवा नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या कॉलेजांची एक संघटना आहे, असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट. कार्लटन, मॅकॅलेस्टर, ग्रिनेल, सेंट ओलाफ वगैरे लहान पण नामांकित कॉलेजं. त्यांचे विद्यार्थी कित्येक वर्षं पुण्यात येत होते आणि पुणेकरांच्या घरी राहत होते. आमच्या डेक्कनवरच्या जुन्या बंगल्यातही राहिले. तेव्हा फोनची बोंब. पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागायचा, त्यामुळे घरची आठवण आली तरी इथेच कोणाजवळ तरी रडावं लागे. आमच्या आईने अशी बरीच रडणी निस्तरली.

कार्लटनच्या प्राध्यापिका एलिनॉर झेलियट यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्या काळात परदेशी विद्यापीठांत या विषयाकडे फारसं कोणी वळत नव्हतं. २०१६ मध्ये गेल्या. विद्यार्थ्यांना घेऊन त्या पुण्याला येत. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन, 'प्रगत शिक्षण संस्था' उभी करणाऱ्या, त्यांनीही या अमेरिकन मुलांना मराठी शिकवलं, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं तयार केली. स्वतः फलटणच्या बोलीवर पीएच.डी. शिवाय अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठी वर्ग पुण्यात चालतात ते वेगळेच, पण तिथे बहुतेक संशोधक मंडळी.

खडूस
मला एक कळत नाही. एवढं कौतुक कशाला? मुलं चार महिने येणार, आपलं स्वयंपाकघर, देवघर, सासू-सुनेची भांडणं बघणार, त्यावर वीस पानी पेपर लिहून क्रेडिट घेणार आणि जाणार. आपण म्हणजे गिनिपिग. आपल्या किती पोरांना तिकडे कोणी असं घरात घेतं? तिथे आपलं पोर बेसमेंटमध्ये चौघांत खोली वाटून घेतं.

आणि दुसरं, ही घरं कुठली? एरंडवणे, डेक्कन, सदाशिव पेठ, फार तर कोथरूड. सगळी शाकाहारी, सगळी एकाच थरातली. झेलियटबाईंनी आयुष्य कुठल्या विषयात घातलं आणि त्यांच्या मागून आलेली पोरं राहिली कुठे? चार महिने वरण-भात-तूप खाऊन 'महाराष्ट्र पाहिला' म्हणणार.

पेठेतला_पोपट
आली आली, गाडी रुळावर आली. कोणी चिवडा आणा रे.

डेक्कनचा_म्हातारा
खडूस, दुसरा मुद्दा मान्य. घरं निवडताना इंग्रजी येणारं, स्वतंत्र खोली असणारं, वर्गापासून जवळचं असं बघितलं जाई. त्या काळात हे तिन्ही ज्यांच्याकडे होतं ती घरं कुठल्या थरातली असणार ते उघड आहे. पहिला मुद्दा अमान्य. सासू-सुनेची भांडणं आम्ही काही तिकीट लावून दाखवत नव्हतो.

पिंपरीची_रमा
खडूस यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहायचं आहे. आमच्या घरी एक मुलगी राहिली होती. आम्ही बौद्ध, वडील कंपनीतून निवृत्त, घर पिंपरीत. पुण्यातल्या कुटुंबात ती रुळत नव्हती आणि तिचा प्रकल्प बुद्धविहारांवर होता म्हणून तिच्या मराठीच्या बाईंनी आईला विचारलं. स्वतंत्र खोली नव्हती, ती माझ्या खोलीत गादी घालून झोपायची. वर्गाला जायला एक तास लागायचा. लोकलने शिवाजीनगर आणि पुढे बस. तिने कधी कुरकुर केली नाही. मी केली, कारण ती रात्री दोनपर्यंत लॅपटॉप उघडून बसायची.

रविवारी घरात मटण. आई वाटण पाट्यावर करते. त्या पोरीला पाटा-वरवंटा इतका आवडला की दर रविवारी खोबरं-कांदा तीच भाजायला घ्यायची, डोळ्यांतून पाणी, पण हटायची नाही. वडील तिला देहूरोडच्या विहारात घेऊन गेले. बाबासाहेबांनी १९५४ च्या डिसेंबरमध्ये तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, तो प्रसंग आजोबांनी स्वतः पाहिलेला. वडिलांनी तो तिला आजोबांच्याच शब्दांत सांगितला, मी मध्ये मध्ये इंग्रजी करत होते. ६ डिसेंबरला आमच्याबरोबर चैत्यभूमीला आली. दादरला शिवाजी पार्कपासून रांग, ऊन, धूळ. बाकीच्या सगळ्यांनी फुलं घेतली, हिने पिशवी भरून पुस्तकं घेतली. तिथे पुस्तकांचे स्टॉल किती असतात ते जाणाऱ्यांना माहीत आहे.

गिनिपिग वगैरे काही वाटलं नाही. पेपर लिहिला तिने, पाठवलाही. त्यात माझ्या वडिलांचं म्हणणं थोडं चुकीचं मांडलं होतं, वडिलांनी पत्र लिहून दुरुस्ती कळवली. तिने ती केली.

मेघमल्हार
रमा, फार सुंदर लिहिलंत. वेगळा धागा काढा ना यावर.

खडूस
रमाताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझा पहिला मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच.

डॉ_ओवा
मेघमल्हारताई, बाकी सगळं नंतर, आधी ॲलर्जी विचारा. हे गमतीत घेऊ नका. तिकडे शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेली मुलं पुष्कळ आणि आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नाही? काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, उपासाची आमटी, चटणी, लाडू. घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर फोडणीतही आलंच. "तुझ्यापुरतं कूट घातलं नाही" एवढ्याने भागत नाही. त्याच डावाने ढवळलं, त्याच मिक्सरच्या भांड्यात वाटलं तरी पुरेसं असतं. घसा सुजून श्वास अडकू शकतो. अशा मुलांजवळ ॲड्रेनालिनचं इंजेक्शन असतं. ते कुठे ठेवलंय आणि कसं द्यायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, सासूबाईंनासुद्धा. तीव्र ॲलर्जी असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दाण्याशिवाय स्वयंपाक करणारं घर शोधावं.

दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काहींना गहू अजिबात चालत नाही, सीलिॲक असतो. मग आपण म्हणतो, पोळी नको, भात-आमटी खा. पण आमटीत हिंग असतो आणि डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीवरची बारीक अक्षरं वाचा.

निवडुंग
हिंगात गहू?? आत्ता उठून डबी बघितली. खरंच आहे की. आजवरचं आयुष्य खोटं वाटतंय.

श्वार्त्सवाल्ड
खडूस म्हणतात तिकडे आपल्या पोरांना घरात कोण घेतं. घेतात. मी एम.ए. जर्मन करताना (रानडे इन्स्टिट्यूट, झिंदाबाद!) एक सत्र जर्मनीत होतो, एका निवृत्त जोडप्याकडे. म्हणजे मी पाहुण्याच्या बाजूने बोलतोय.

किल्ली पहिल्या तासात हातात दिली. पाठोपाठ सूचना : कचरा चार ठिकाणी, रविवारी ड्रिल वापरायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या कुंडात टाकायच्या त्याही रविवारी नाही, खिडकी दिवसातून दोनदा सताड उघडायची, बाहेर शून्याखाली असलं तरी. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या फेकायच्या नाहीत, दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागे २५ सेंट परत. मी आणि घरमालक शनिवारी पोतं घेऊन जायचो, तेवढाच आमचा सामाजिक कार्यक्रम. दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाची लेखी पावती लागते, ती आजोबांनी मी पोचायच्या आधीच भरून ठेवली होती.

जेवण हा मोठा धक्का. मुख्य जेवण दुपारी, रात्री पाव, चीज, काकडी, थंड. पहिल्या रात्री मला वाटलं ही सुरुवात आहे, पुढे काहीतरी येईल. काही आलं नाही. आग्रह शून्य. एकदाच विचारायचे आणि मी सवयीने नको म्हणायचो, तो विषय तिथेच संपायचा. उपाशी झोपायला लागल्यावर पहिल्या विचारण्यालाच "हो" म्हणायला शिकलो. काकूंनी वर लिहिलंय त्याची ही बरोब्बर उलटी बाजू.

भातुकली
श्वार्त्सवाल्ड, हसून हसून मेले. अवांतर : माझ्या मुलीला असंच जर्मनीत एक सत्र करायचं आहे. खर्च किती येतो?

श्वार्त्सवाल्ड
दोन विद्यापीठांत देवाणघेवाणीचा करार असेल तर फी साधारणपणे इथल्याच विद्यापीठात भरायची, तिथे वेगळी नाही. राहण्या-खाण्याचे पैसे असल्याचा पुरावा मात्र व्हिसासाठी लागतो, महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने (२०२४ चा दर). शिष्यवृत्ती असेल तर ते पत्र चालतं. क्रेडिट इकडे धरणार का, हे जायच्या आधी विभागाकडून लेखी घ्या. तोंडी "बघू, आलीस की करू" यावर विसंबू नका.

साकुराताई
माझी बाजू जपानची. ओकायामामध्ये एका कुटुंबात राहिले होते. आंघोळीचा टब सगळ्या घराचा एकच, पाणी एकच. आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग नुसतं गरम पाण्यात बसायचं, उठताना पाणी सोडायचं नाही, कारण मागून बाकीचे बसणार. पाहुणी म्हणून पहिला नंबर माझा. हे मला आधीपासून माहीत होतं म्हणून वाचले, माझ्याबरोबरच्या एकाने पहिल्याच रात्री बूच उपसलं. घरातले चौघं काही बोलले नाहीत, पुन्हा पाणी तापवलं. न बोलण्याचा फार ताण येतो हो.

होस्ट आई रोज डबा द्यायची. मी शाकाहारी हे तिला समजलं होतं, पण माशाच्या पाण्याचं काय, तर तो तिच्या लेखी मासा नव्हताच. भांडून उपयोग नसतो, आपण किती ताणायचं ते घरून ठरवून जावं.

सह्यभटका
ओकायामा म्हणजे आपल्या सिंहगड रोडच्या बागेवाली ओकायामा?

साकुराताई
तीच! पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. मूळ बागेत मात्र माणसं शांत असतात.

निवडुंग
आणि हिरवळीवर पाय ठेवला की शिट्टी वाजवणारे काका?

साकुराताई
त्यांची गरजच पडत नाही.

कलम_४२०
सगळे आठवणींत रमलेत, एक कायद्याची गोष्ट सांगतो. परदेशी नागरिक तुमच्या घरी राहायला आला की २४ तासांच्या आत 'फॉर्म सी' (२०२५ च्या नियमांपासून 'फॉर्म III') ऑनलाइन भरायचा. हॉटेलं भरतात तोच, खासगी घरालाही लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात, तुमची घरमालक म्हणून नोंदणी आधी करावी लागते. तेव्हा ती विमानात बसायच्या आधीच लॉगिन तयार ठेवा. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर तिला वेगळी नोंदणी १४ दिवसांत करावी लागते, ते कार्यक्रमवाले बघतात सहसा, तरी विचारा. सोसायटीच्या चेअरमनला दोन ओळींचं पत्र द्या. आणि आजारपण, विमा, रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर हे सगळं कार्यक्रमवाल्यांकडून लेखी घ्या.

जाईजुई
मेघमल्हार, सोवळ्याबद्दल कोणी लिहिलंच नाही. आमच्या आत्याकडे पाळीचे दिवस पाळत. आलेल्या मुलीला ते सांगायचं कोणी, यावरून घरात मोठी सभा झाली. शेवटी आत्याने ठरवलं, विचारायचंच नाही म्हणजे कळणारच नाही. गौरी जेवल्या त्या दिवशी ती मुलगी नऊवारी नेसून सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात हजर. आत्या काही बोलली नाही. पुढच्या वर्षीपासून घरातल्या सुनांनाही विचारायचं बंद झालं.

मेघमल्हार
जाईजुई, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ते केव्हाच बंद केलंय मी, तुलाच माहीत नाही." सतरा वर्षं मी आपली गुपचूप पाळतेय!!

पेठेतला_पोपट
धागा सार्थकी लागला.

खडूस
किल्लीचं राहिलं. मूळ प्रश्न तो होता. माझं मत, देऊ नये. तुम्ही दार उघडणार म्हटलं की वेळेवर येते.

एरंडवणेकर_काकू
अजिबात पटलं नाही. किल्ली द्या. दार उघडायला आपण जागे राहतो, जागे राहिलो की चिडतो, चिडलो की सकाळी पोहे आपटतो. तिला कळतच नाही काय झालं. किल्ली द्या आणि एकच अट घाला, दहाच्या पुढे उशीर होणार असेल तर मेसेज. कुठे, कोणाबरोबर हे विचारायचं नाही. रिक्षा मिळत नसेल तर फोन कर, आम्ही येऊ, हेही सांगा. आमच्याकडे आलेल्या मुलींना सगळ्यात जास्त जाच त्या "कुठे चाललीस?"चाच व्हायचा.

पिंपरीची_रमा
काकूंना अनुमोदन. पण शेजाऱ्यांचंही बघा. आमच्याकडे ती नऊला आली तरी समोरच्या काकू गॅलरीत. आईने एक दिवस त्यांनाच चहाला बोलावून तिची ओळख करून दिली, मग त्याच आमच्या आधी विचारायला लागल्या, "आज आली नाही का अजून तुमची?"

श्वार्त्सवाल्ड
किल्ली द्या. आणि काहीतरी काम द्या. मला बाटल्यांचं पोतं मिळालं तेव्हाच बरं वाटायला लागलं. भाजी निवडणं, कुंड्यांना पाणी, काहीही. चार महिने नुसतं बसवून खाऊ घालू नका.

मेघमल्हार
सर्वांचे खूप आभार. ताजी खबर : बाईंना फोन करून डॉ. ओवा यांचे प्रश्न विचारले. दाण्याची ॲलर्जी नाही, गहू चालतो, वांगं आवडत नाही (सासूबाईंना हे व्यक्तिशः लागलंय). पहिल्या दोन आठवड्यांत पटलं नाही तर दोन्हीकडून विनातक्रार घर बदलता येतं, हे त्यांनी लिहून दिलं. ते वाचल्यावर नवरा तयार झाला, म्हणजे "बघू" म्हणाला. किल्ली द्यायची ठरलं. फॉर्म सीचं लॉगिन मुलगा करतोय, बारावीच्या अभ्यासातून वेळ काढून, आनंदाने.

एक अडचण राहिली. टेरेसच्या खोलीला आतून कडी नाही. सुतार गणपतीनंतर येतो म्हणतोय.

निवडुंग
कुठल्या वर्षीच्या, ते विचारून घ्या.